ज्याची बातमी त्याने सांगायची

फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो बारीक आवाजात कुरकुरायला लागतो. पीं... पीं... पीं. रविवारी दुपारी पाहुणे यायच्या आधी सिडनीजवळच्या गिरावीनच्या त्या घरात जरा कुठे शांतता टेकली होती. लेक ईशानी मागच्या अंगणात होती, सासूबाई अंगणातल्या त्यांच्या वेगळ्या खोलीत, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, साडी बदलत होत्या, आणि इरावती ओट्याशी पुऱ्यांचं पीठ मळत होती. त्या आवाजाने ती दचकली. मान वळवून बघते तर नवरा, हृषिकेश, फ्रिजसमोर उभा. एक हात दारावर, चेहऱ्यावर फ्रिजचा पांढरा उजेड, आणि डोळे त्या उजेडापासून वाचवावेत तसे किलकिले.

"हृषी, श्रीखंड काढतोयस ना?"

"हो, काढतोच आहे की."

श्रीखंडाचा डबा त्याच्या नाकासमोर होता. त्याने हात आत घातला, कोथिंबिरीची जुडी उचलली आणि ओट्यावर आणून ठेवली. वर तिच्याकडे बघून हसला, काम फत्ते केल्यासारखा.

इरावतीने पिठाचे हात तसेच ठेवून कोपराने फ्रिजचं दार लोटलं. आवाज थांबला. शांतता काही परत आली नाही.

"आज सांग," ती हळूच म्हणाली. "विनिताताई येतायत. डॉक्टर आहेत, घरच्या आहेत. त्यांना तरी सांग."

"शनिवार होऊ दे इरा. एक फायनल. नंतर स्केट्स तूच उचल आणि काउन्सिल क्लीनअपच्या कचऱ्यात बाहेर ठेव, मी हूं की चूं करणार नाही."

"मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते? पुन्हा डोक्याला बसलं तर हा खेळ विसरायचा."

"मग? विसरतोच आहे ना सगळं," तो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला. तिला हसू आलं नाही. ती पुन्हा पीठ मळायला लागली.

पंधरवडा झाला होता. आइस हॉकीच्या सरावात मागून धक्का बसला आणि हृषिकेश बर्फावरून घसरत जाऊन रिंकच्या फळ्यांवर आदळला, डोक्याच्या मागच्या बाजूने. टीममधल्या पोरांना वाटलं खांद्याला लागलं. त्यानेही खांदाच चोळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाथरूमचं दार लावून तो बराच वेळ ओकत होता, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, काल पेट्रोल पंपावर खाल्लेली मीट-पाय शिळी होती. शिळी मीट-पाय पंधरा दिवस पोटात राहत नाही. तेव्हापासून तो घरातही टोपी घालून वावरत होता, ईशानी ओरडली की कानावर हात ठेवत होता, आणि इरावतीकडून शपथ घेऊन बसला होता: कुणाला बोलायचं नाही.

तो काही हॉकीवर पोट भरत नव्हता. या देशात आइस हॉकीवर कुणाचं पोट भरतं? सोमवार ते शुक्रवार तो रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनिअर. लीगच्या मॅचेस शनिवारी, स्टिक स्वतःच्या खर्चाने, सराव रिंक मोकळी मिळेल तेव्हा. पण सोळा सीझन तो त्या एकाच टीमच्या बचावफळीत उभा होता, आणि सोळा सीझनमध्ये टीम पहिल्यांदा फायनलला आली होती. इरावतीला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच जिभेला कुलूप लागलं होतं.

दारात गाडी थांबली. आधी तनयाचा आवाज आत आला, मग तनया.

"मामी! काय मस्त वास! मामा कुठाय?"

विनिताची ही लेक अठरा वर्षांची, खांदे रुंद, केस आखूड. चार वर्षांची असताना हृषिकेशने तिला बर्फावर उभं केलं होतं, आणि ती पडली, उठली, पुन्हा पडली आणि खदखदून हसली, तेव्हाच तो म्हणाला होता, ही आपली. आता ती फिजिओचं पहिलं वर्ष करत होती आणि राज्याच्या संघातून खेळत होती. कॅनडातल्या एका युनिव्हर्सिटीने तिला आपल्या टीममध्ये जागा देऊ केली होती. तिथून पुढे प्रोफेशनल लीगचा रस्ता. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि आजचं जेवण त्यासाठीच होतं.

तिच्यामागून तिचा बाप चारुदत्त आला, हातात हॅरिस पार्कहून आणलेल्या ढोकळ्याचा खोका. शेवटी विनिता. पायातले बूट काढता काढताच ती भावाला म्हणाली, "काय रे, घरात टोपी? टक्कल पडायला लागलं का?"

"पडेल तेव्हा तुलाच आधी दाखवीन, ताई."

तो तिच्यासमोर बसला नाही. टेबलाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून बसला. ती त्याच्या वडिलांची, गेलेल्या अण्णांची जागा. त्याच्या आईने, सुहासिनीबाईंनी, ते पाहिलं आणि पुढचं ताट मांडलं.

या घरात रविवारी जेवणं उरकत आली की बातम्या होत. ही रीत विश्रामअण्णांनी घातली होती, नव्याने या देशात आले तेव्हा, पेंडल हिलच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. धाकट्यापासून सुरुवात करायची, प्रत्येकाने आठवड्यात आपलं काय झालं ते सांगायचं, आणि ज्याची बातमी सगळ्यांत चांगली त्याला गोडाची पहिली वाटी. नियम एकच होता: ज्याची बातमी त्याने सांगायची. दुसऱ्याची कुणी सांगायची नाही. अण्णांना चुगली आवडत नसे.

रीत चांगली होती. फक्त वाटी चांगल्या बातमीची होती, त्यामुळे वाईट बातमी त्या टेबलावर कधी आलीच नाही. मुलं नापास झाली ते टेबलावर नाही आलं. चारुदत्तची नोकरी गेली ते नवी लागल्यावर आलं. आणि खुद्द अण्णा अर्धं वर्ष रुमालात खोकत होते, रविवारी मात्र "आपण मजेत" म्हणत राहिले, ते थेट हॉस्पिटलात जाईपर्यंत. इरावती तेव्हा या घरात नवी होती. ते शेवटचे दिवस ती विसरली नव्हती.

"चला, बातम्या!" चारुदत्तने ताटात पुरी शिल्लक असतानाच फर्मावलं. "ईशानी मॅडम, गो!"

ईशानी खुर्चीवर उभी राहिली. "आय गॉट अ मेरिट कार्ड. फॉर सिटिंग नाइसली."

"तू? नाइसली?" तनया म्हणाली. "टीचरने डोळे तपासून घेतले का गं?"

"शी सेड व्हेरी नाइसली," ईशानी ठसक्यात म्हणाली आणि खाली बसताना वाटी पाडली. सगळे हसले. हृषिकेशने हसता हसता कपाळ दाबलं. इरावतीने पाहिलं.

"आता तनया."

तनयाने हात पुसले. एवढी धिप्पाड पोरगी, पण आवाज लहान झाला. "माझी बातमी सगळ्यांना माहितीये. मला जायचंय. कॅनडाला. युनि डिफर करता येतं, पुढे ढकलता येतं, मी विचारलंय. आई, प्लीज, लगेच नाही म्हणू नकोस."

"मी लगेच काहीच म्हणत नाही," विनिता म्हणाली. "मी महिनाभर विचार करतेय. रात्री झोप लागत नाही मला. रोज माणसं भूल देऊन झोपवते, आणि माझीच झोप उडालीये."

"मग डोस वाढव," चारुदत्त म्हणाला.

"तू गप्प बस. तू तर आधीच फितूर आहेस. तिला नवी बॅग घेऊन दिलीस ते मला कळत नाही का?"

"सेल होता गं."

"आमच्या ओळखीत कुणाची मुलगी असलं काही करते?" विनिता आता आईकडे वळली. "आई, तू सांग. तुला पटतं?"

सुहासिनीबाईंनी चष्मा वर सरकवला. "मला त्या खेळातलं काय कळतंय? तो काळा पक कुठे असतो तेसुद्धा मला दिसत नाही. ओरडले सगळे की मी ओरडते. पण पोरगी जीव टाकते त्याच्यावर. आणि आपण तरी कुठे सांगलीत बसून राहिलो? आलोच ना इतक्या लांब."

"थँक यू, आज्जी!"

"अजून आईचं हो यायचंय. मला थँक यू नको म्हणूस."

चारुदत्तने फोन काढला. "हे ऐका. ती हॉकीवाली वेबसाइट आहे ना, दर आठवड्याला खेळाडूंची खबरबात देते. उगवते तारे वर, मुरलेलं लोणचं खाली. वर कोण? तनया कर्णिक! 'देशातल्या सगळ्यांत आशादायक डिफेन्स खेळाडूंमध्ये गणना, लवकरच परदेशी निर्णय अपेक्षित.' निर्णय अपेक्षित, विनिता! सगळा देश तुझ्याकडे डोळे लावून बसलाय."

"देश! शंभर लोक वाचतात ते."

"आणि खाली कोण? आमचे मेहुणे! 'अनुभवी हृषिकेश सबनीस खांद्याच्या किरकोळ दुखापतीनंतर फायनलसाठी सज्ज. म्हणतो, इतकं फिट कधीच वाटलं नव्हतं.'" चारुदत्तने टाळी दिली. "वा, सबनीस! घरात पुऱ्या तळायला मदत करायची म्हटलं की कंबर धरता आणि तिकडे इतकं फिट?"

"भावोजी, पेपरवाल्यांना तसंच सांगायचं असतं," हृषिकेश म्हणाला.

"म्हणजे नाहीयेस फिट?" विनिताने झटक्यात विचारलं.

हृषिकेशने पाण्याचा पेला पुढे ओढला.

"आहे. एकदम."

"माझ्याकडे बघून सांग. तुझ्याशिवाय मला या खेळातलं खरं सांगणारा कुणी नाही. तिचे कोच मला ब्रोशर दाखवतात. सोळा वर्षं झाली तुला, हाडं मोडली, दात पडला, ते मी पाहिलंय. हाडं जुळतात. मला भीती फक्त डोक्याची वाटते. तू धड आहेस ना? मागे झालं होतं ते पूर्ण बरं झालं ना?"

"धडधाकट बसलोय तुझ्यासमोर, ताई. अजून काय हवं?"

विनिता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मोठा श्वास सोडला, इतका की तिचे खांदे खाली आले. "ठीक आहे. तू सोळा वर्षं त्या बर्फावर काढून असा समोर बसला आहेस, म्हणून मी हो म्हणतेय. फक्त म्हणून. तनया, जा."

तनयाने किंकाळी फोडली. खुर्ची मागे कलंडली. तिने आधी आईला मिठी मारली, मग आज्जीला, मग मामाला, आणि त्याला अशी काही आवळून खिडकीकडे वळवलं की त्याची टोपी खाली पडली आणि खिडकीतलं ऊन थेट त्याच्या डोळ्यांत गेलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. चेहरा राखेसारखा झाला. कुणाचं लक्ष नव्हतं. चारुदत्त बायकोला पुरी भरवत होता.

"मामा, शनिवारी मी पहिल्या रांगेत! काचेला चिकटून! ईशू, तू पण माझ्याबरोबर."

"येस! बाबाला बोर्डवर धडाम करताना बघायचं!" ईशानी म्हणाली.

"चला, पुढे कोण? इरावती," चारुदत्त म्हणाला. "आणि मग आपले फिट गृहस्थ."

इरावतीची बातमी ही तशी नावापुरतीच असे. ती दर रविवारी म्हणायची, "माझं काय, चालू आहे," आणि सगळे मान हलवून पुढच्याकडे वळायचे. तिला त्याचं वाईटही वाटत नसे. मूल लहान असलं की आठवडे असेच जातात, डबे, कपडे, ताप, पार्क, यात बातमी ती कसली? आताही सगळे हृषिकेशकडे वळलेच होते.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्या नजरेत धमकी नव्हती, लहान मुलाची विनवणी होती. शनिवार फक्त, इरा. तिला त्याची कीव आली, माया आली. काचेला नाक लावून उभी असलेली ईशानीही दिसली. आणि पलीकडे ती अठरा वर्षांची पोरगी, जिला एका खोट्या शब्दावर समुद्रापार जायची मुभा मिळाली होती. आपण बोललो तर तिचंही मोडेल. दोघांचंही आपल्याच हाताने मोडेल.

"माझी बातमी आहे," ती म्हणाली.

कुणी ऐकलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"माझा नवरा पंधरा दिवसांपूर्वी डोक्यावर आदळला. त्याला उलट्या झाल्या. उजेड सहन होत नाही. मगाशी श्रीखंड काढायला गेला आणि कोथिंबीर घेऊन आला. शनिवारी तो खेळला आणि पुन्हा लागलं, तर काय होईल ते विनिताताई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"इरा!" हृषिकेश उठला. उठताना टेबल धरावं लागलं. "नियम आहे या घराचा. ज्याची बातमी त्याने सांगायची!"

"माझीच आहे ती. तुझ्याशेजारी मी झोपते. रात्री उठून तुझा श्वास चालू आहे की नाही ते मी बघते. मग बातमी कुणाची?"

ईशानी रडवेली झाली. सुहासिनीबाईंनी तिला मांडीवर ओढलं.

"अतिशयोक्ती करतेय ती," हृषिकेश बहिणीला म्हणाला. "ताई, डोकं दुखतं थोडं. विचार काय विचारायचं ते."

विनिता उठणार, तेवढ्यात तनयाने तिचा हात धरला. "थांब आई. मी विचारते. मामा, महिने उलटे सांग."

"डिसेंबर नोव्हेंबर ऑक्टोबर सप्टेंबर ऑगस्ट जुलै..." त्याने धाडधाड म्हणून टाकले. "झालं? पास?"

"हे तू गाडीत पाठ करतोस. टीममधले सगळेच करतात, डोक्याला लागल्यावरच्या चेकिंगमध्ये पकडले जाऊ नये म्हणून. मला माहितीये." तनयाचा आवाज कापत होता. "आता आज्जीवाले सांग. चैत्र-वैशाख. उलटे."

"काहीतरीच काय! ते मला भल्या डोक्यानेही यायचे नाहीत. सिडनीत वाढलोय मी."

चारुदत्त हसला, बरं वाटून. "मला तर सुलटेही येत नाहीत."

"त्याला येतात," सुहासिनीबाई म्हणाल्या.

हृषिकेशने आईकडे पाहिलं. आजवर या टेबलावर ती कधी त्याच्या विरुद्ध गेली नव्हती. तो कितीही चुकला तरी नाही.

"शाळेत होतास. ह्यांच्याशी पैज लावून उलटे म्हणायचास, एका पायावर उभं राहून. अजूनही गुढीपाडव्याला ईशूला म्हणून दाखवतोस. म्हण की."

"आई, तू पण? अण्णांचा नियम..."

"नियम ह्यांचा होता. ते गेले. तू म्हण."

तो ताठ उभा राहिला. "फाल्गुन," तो म्हणाला. "माघ. पौष."

मग थांबला. ओठ हलले. खिडकीबाहेर वॉटलच्या पिवळ्या फुलांनी लगडलेल्या फांदीवर मॅगपाय पक्षी ओरडला, तसे त्याने डोळे बारीक केले. "पौष," तो पुन्हा म्हणाला. सगळे वाट बघत होते. इरावतीला मार्गशीर्ष जिभेवर येऊन बसलेला जाणवत होता, आणि तो देता येत नव्हता. "पौष," तो तिसऱ्यांदा म्हणाला, या वेळी विचारल्यासारखा, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. मघापर्यंत ती फक्त इरावतीकडे होती.

विनिता त्याच्याजवळ गेली. आता ती मोठी बहीण राहिली नव्हती, डॉक्टर झाली होती. "बैस. माझ्या बोटाकडे बघ. बरोब्बर. उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. स्कॅन. गाडी चालवायची नाही. आणि शनिवार विसर."

"ताई, सोळा वर्षं..."

"विसर म्हणतेय ना!" तिचा आवाज फाटला. मग ती लेकीकडे वळली, आणि इरावतीला ज्याची धास्ती होती ते वाक्य आलंच. "आणि याच्या भरवशावर मी तुला पाठवत होते! जिथे पोरं महिने पाठ करून डॉक्टरांना फसवतात, तिथे?"

"मी नाही फसवत, आई."

"तो पण हेच म्हणाला, मघाशी. डोळ्यांत बघून."

"मागच्या वर्षी मला लागलं तेव्हा मी स्वतः सांगितलं. सेमीफायनलला बाहेर बसले. तुला आठवतं, तू मला घ्यायला आली होतीस आणि मी गाडीत रडत होते." तनया आता खरंच रडत होती, पण मागे हटत नव्हती. "मामा असं करतो म्हणून मी तसं करणार, असं का धरतेस? मी मामा नाहीये."

हे वाक्य हृषिकेशला लागलेलं इरावतीने पाहिलं.  चारुदत्तने पुढे होऊन लेकीच्या पाठीवर हात ठेवला, विनोद न करता, आणि बायकोला म्हणाला, "शुक्रवार आहे अजून. आत्ता नाही म्हणू नकोस. आत्ता काहीच म्हणू नकोस."

विनिताने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते कुणालाच कळलं नाही. बहुधा तिलाही नाही.

हृषिकेशने खिशातून फोन काढला. दोनदा हातातून निसटला. "कोचला सांगतो," तो म्हणाला. इरावतीकडे न बघता तिच्याजवळून गेला, जाळीचं दार लोटून अंगणात गेला आणि कपड्यांच्या दोरीखाली पाठ करून उभा राहिला. दोरीवर ईशानीचे युनिफॉर्म वाळत होते.

ती त्याच्यामागे जायला निघाली आणि दाराशीच थांबली. आत विनिता हॉस्पिटलला फोन लावत होती, सुहासिनीबाई ताटं गोळा करत होत्या, न उचललेल्या पुऱ्या एकावर एक रचत. बाहेरून शब्द येत नव्हते. फक्त त्याची पाठ दिसत होती. तो खूप वेळ ऐकत होता, मग काहीतरी बोलला, मग फोन कानावरून खाली घेतला तरी तसाच उभा राहिला. तो वळून माझ्याकडे बघेल का? बघितलं तर कसं बघेल? ती पदराची सवय नसलेली बाई, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ईशानी येऊन तिच्या पायाला चिकटली.

"बाबा सॅड आहे?"

"हं. आहे जरा."

"तो शनिवारी नाही खेळणार?"

"नाही, बाळा."

"आफ्टर दॅट?"

"नंतरही नाही. डोक्याला बरं नाही ना त्याच्या. आता तो हॉकी प्लेयर नसेल."

ईशानीने जाळीला नाक लावलं. तिथून बराच वेळ बापाच्या पाठीकडे बघितलं. मग मान वर करून, शाळेत जो प्रश्न तिलाच सगळे विचारतात तो, अगदी गंभीरपणे, तिने आईला विचारला.

"मग आई, बाबा मोठा होऊन काय होणार?"